लाल माती, राखाडी गाळ

डिफरन्शिअलचा खालचा नट सुटला तेव्हा आधी ऑइल आलंच नाही, पाणी आलं. गंजाच्या रंगाचं, ओंजळभर. ते भसकन परातीत पडलं आणि धार तुटली. मग त्या भोकातून दूध जास्त झालेल्या कॉफीसारखं काहीतरी दाट, फिकट, संथपणे उतरायला लागलं. मी गाडीखाली पाठीवर पडून बघत होते. छातीत धस्स झालं. गेली सव्वीस वर्षं मी शिरोली एमआयडीसीत गिअर तपासते. दाताला निळी लावून दुसऱ्या दाताशी तो कसा बसतो ते बघायचं, मापायचं, पास किंवा नापास करायचं, हे माझं रोजचं काम. आणि आमच्याच घरच्या गाडीत क्राऊन-पिनियनची जोडी चार वर्षं पुराच्या पाण्यात फिरत होती, याची मला गंधवार्ता नव्हती.

गाडी आण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. प्रीमियर पद्मिनी, १९८४ सालची, फिकट पिस्ता रंगाची. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली. फियाट अकराशेचीच ही भारतीय आवृत्ती. नाव बदललं तरी कोल्हापुरात तिला सगळे फियाटच म्हणत राहिले, आण्णासुद्धा. १०८९ सीसीचं इंजिन पुढं, ओढणारी चाकं मागं आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली हाताशी. आण्णांची शाहूपुरीत गुळाची अडत होती. या गाडीच्या डिकीतून गुळाचे रवे इतक्यांदा गेले, की उन्हाळ्यात अजून डिकी उघडली तर गोडूस वास येतो. माझं सासर संगमेश्वराकडचं, त्यामुळं आंबा घाट उतरून कोकणात जाणं-येणंही याच गाडीनं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्याजवळ ५५ फुटांची पातळी ओलांडली. धोक्याची पातळी ४३ फूट. आमच्या गल्लीत पाणी आलं तेव्हा माणसं वर न्यायची घाई होती, गाडीकडं कोण बघणार? ती अंगणात तशीच उभी राहिली. चाकं बुडली, पाणी दाराच्या खालच्या कडेच्या वर चढलं आणि चार-पाच दिवस तिथंच राहिलं. पूर ओसरल्यावर आण्णांनी गाडी एका गॅरेजला दिली. सीटा वाळवल्या, इंजिनचं ऑइल बदललं, ब्रेक उघडून साफ केले आणि खालून काळा रंग मारून दिला. गाडी घरी आली तेव्हा वाकून खाली बघितलं तर सगळं काळंभोर, नव्यासारखं. आण्णा खूश झाले. २०२१ ला पाणी पुन्हा चढायला लागलं तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी गाडी राजारामपुरीत आत्याकडं नेऊन लावायला लावली. पुढच्या वर्षी आण्णा गेले.

२०२३ च्या दिवाळीआधी मी गाडी हातात घेतली. त्याच सुमारास पेपरात बातमी होती, मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबरपासून रस्त्यावर दिसणार नाही. बातमी वाचून मी गाडी काढली असं नाही, पण वाचल्यावर ती अंगणात उभी बघवेना हे खरं. ताराराणी चौकापर्यंत एक चक्कर मारली. इंजिन छान चाललं. पन्नासच्या आसपास ॲक्सिलरेटर सोडला की मागून एक बारीक, ताणलेला आवाज यायचा, लांबून रहाटाचा यावा तसा. हा आवाज मी कारखान्यात हजार वेळा ऐकलाय.

उद्यमनगरात एक म्हातारे मिस्त्री आहेत. आण्णांच्या गाडीचं सगळं तेच करायचे. हात थरथरायला लागल्यापासून त्यांनी काम सोडलं, पण मुलाच्या गॅरेजबाहेर खुर्ची टाकून बसतात. मी आवाजाचं सांगितल्यावर त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, गाडीखाली गेलाय का कधी? आधी खालनं धुवा. ऑइल बदलायचं ते मागनं बघू. घाणीत पाना घालायचा न्हाई."

"धुवायला सर्व्हिसिंगला देऊ का, मामा?"

"नको. त्ये पाण्याचा फवारा मारत्यात जोरात. ब्रीदरमधनं पाणी आत, बुशात पाणी, बेअरिंगला पाणी. पुरानं केलं त्येच पुन्हा करून घेताय व्हय?"

दिवाळीच्या सुट्टीला आणखी रजा जोडली. चार मजबूत घोड्या भाड्यानं आणल्या. गाडी सपाट फरशीवर, चारही चाकं वर. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली मी डोकं घालत नाही आणि कुणाला घालू देत नाही. घोड्यांवर ठेवल्यावरसुद्धा दोन्ही हातांनी गाडी गदागदा हलवून बघायची. हलली तर आत्ता हलू दे, खाली असताना नको.

मग खालची बाजू पहिल्यांदा नीट बघितली. काळा रंग अजून होता, पण जागोजागी फुगवटे आले होते, पापडासारखे. लाकडी उलथन्याची कड लावली आणि एक पोपडा तळहाताएवढा सुटून आला. त्याच्या पाठीला चिखल होता. म्हणजे वाळला, न वाळला तोच त्या पुराच्या गाळावर फवारा मारून रंग दिलेला. रंगाखाली गाळ, गाळात ओल आणि ओलीखाली पत्रा. चार पावसाळे ती ओल तिथंच कोंडून राहिली. मला त्या कामाचा अजून राग येतो. काही न करता गाडी तशीच उन्हात ठेवली असती तर निदान वाळली असती. वरून दिसायला चांगलं केल्यामुळं कुणी चार वर्षं खाली बघितलंच नाही. आण्णांनीही नाही, मीही नाही.

दोन दिवस नुसतं कोरडं खरवडणं. पाणी नाही, रॉकेल नाही. ओला चिखल पसरतो, कोरडा सुटतो. लाकडी उलथनं, जुनं खुरपं, नंतर तारेचा ब्रश, डोळ्याला चष्मा आणि तोंडाला फडकं. मागच्या मडगार्डच्या आतल्या कोपऱ्यात चिखल चार बोटं जाड बसलेला होता. तो एका हिसक्यात विटेसारखा अख्खा निघाला. मी तो उन्हात नेऊन बघितला. कापलेल्या कडेवर थर दिसत होते. सगळ्यात बाहेर काळ्या रंगाची साल. मग बोटभर राखाडी गाळ, पिठासारखा बारीक, ना खडा ना काडी. तो पंचगंगेचा. त्याच्या आत आमच्या शेताकडच्या रस्त्याची काळी माती, तीत डांबराची खडी रुतलेली. आणि पत्र्याला अगदी चिकटून तांबडी माती. आंबा घाट उतरल्यावर लागते ती, जांभ्याची. साखरप्यापासून पुढचा रस्ता पूर्वी कसा होता ते ज्यांनी बघितलंय त्यांना ती कळेल. माझ्या लग्नानंतरची पहिली काही वर्षं आण्णा गणपतीला मला न्यायला यायचे, तेव्हाची ती असणार. मी तो तुकडा फोडला नाही. खिडकीत ठेवलाय.

गाडीला वेगळी चासी नाही. बॉडी हीच चासी, पत्र्याच्या पोकळ पेट्यांनी जोडलेली. दारांखालच्या पेट्यांना तळाशी लहान भोकं असतात, आत शिरलेलं पाणी गळून जाण्यासाठी. ती सगळी बुजलेली. सायकलच्या तारेनं एकेक मोकळं केलं. डाव्या पेटीच्या मागच्या भोकातून तार काढली आणि राखाडी भुकटी बारीक धारेनं पडायला लागली, वाळूच्या घड्याळासारखी. पत्र्यावर बोटानं टिचक्या मारत मारत ती आतून सैल केली. एका पेटीतून बादलीचा तळ झाकेल एवढा गाळ निघाला. त्या जागी पत्रा कुजलेला होता, पेचकसाचं टोक आत गेलं. तेवढा तुकडा कापून नवीन वेल्ड करावा लागला. ते काम मी उद्यमनगरातून करून घेतलं.

एक गोष्ट मात्र मला अपेक्षित नव्हती. पिनियनच्या तोंडाचं ऑइल सील कित्येक वर्षं पाझरत होतं. आण्णांच्या मागं सगळे लागायचे, गाडी ऑइल टाकते, अंगणात डाग पडतात. त्या पाझरलेल्या ऑइलचा थर हौसिंगच्या पोटावर, मागच्या पाट्यांवर आणि पार मागच्या फ्लोअरपर्यंत उडून बसला होता. त्यात धूळ मिसळून काळी, रबरासारखी साय झालेली. ती रॉकेलच्या ब्रशनं धुतली आणि खाली कारखान्यातला मूळ रंग निघाला. जिथं सील गळत होतं तिथं गंजाचा ठिपका नव्हता. म्हणून खालून जुनं ऑइल मारावं असं मी म्हणत नाही. कोल्हापुरात पावसाळ्याआधी इंजिनचं जळकं ऑइल न् डिझेल खालून मारायची जुनी पद्धत आहे. त्यानं पत्रा टिकतो, पण पाट्यांचे आणि शॉकॲब्सॉर्बरचे रबरी बुश फुगून मऊ पडतात, आणि ते थेंब पावसात गल्लीतून गटारात आणि गटारातून नदीतच जातात.

साफसफाई झाल्यावर नट दिसले. त्याआधी ते नट आहेत हेच कळत नव्हतं. डिफरन्शिअलच्या खालच्या नटाचं डोकं गोल झालेलं, कडेला छिन्नीच्या खुणा. कुणीतरी कधीतरी पाना नीट बसत नाही म्हणून ठोकून फिरवला होता. मिस्त्रींनी सांगितलेलं वाक्य मी काम सुरू करण्याआधी मोठ्यानं म्हटलं, "आधी वरला नट हलतोय का बघा. खालचा सोडायची घाई करायची न्हाई." खालचा नट ऑइल काढायचा, वरचा भरायचा. खालचा सोडला, ऑइल सगळं गेलं, आणि वरचा गंजून बसला असेल तर भरायला वाट राहत नाही. गाडी जागेवर अडकते. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी सगळे खालूनच सुरू करतात. वरच्या नटाला दोन दिवस गंज सोडवणारं पातळ तेल लावून ठेवलं. तिसऱ्या दिवशी लांब दांडा घालून वजन टाकलं. बारीक 'टक' असा आवाज आला आणि तो सुटला. आटे शाबूत होते.

गिअर ऑइल गरम असताना काढायचं, पाच-दहा किलोमीटर फिरवून आणल्यावर. गार असताना नव्वद नंबरचं ऑइल काकवीसारखं चिकटून बसतं आणि तळाला बसलेला कीस तिथंच राहतो. माझी गाडी घोड्यांवर होती, फिरवणं शक्य नव्हतं. एका परीनं ते बरं झालं. आठवडाभर उभी असल्यामुळं आतलं मोकळं पाणी तळाशी बसलं होतं, म्हणूनच ते वेगळं, आधी बाहेर आलं. फिरवून आणली असती तर सगळं घुसळून एक झालं असतं आणि किती पाणी होतं ते कळलं नसतं.

पाणी आत गेलं कसं? ॲक्सलच्या वर एक लहान ब्रीदर असतो. आतली हवा तापली, फुगली की तिला बाहेर जायला. उभ्या गाडीवर चार दिवस पाणी चढलं की ते त्याच वाटेनं आत येतं, शिवाय सीलच्या ओठांतून. आत आलं की ते परत जात नाही. गाडी चालली की क्राऊनचे दात त्याला ऑइलमध्ये ताकासारखं घुसळतात.

या गाडीत क्राऊन-पिनियन हायपॉइड आहे. पिनियनचा आस क्राऊनच्या मध्यातून जात नाही, खाली उतरवलेला असतो. त्यामुळं दात नुसते एकमेकांवर लोळत नाहीत, लांबीच्या दिशेनं घासत सरकतात. त्या घासण्यात दाब एवढा, की साधं ऑइल तिथं टिकत नाही, पिळून बाहेर जातं. म्हणून त्यात गंधक-फॉस्फरसची द्रव्यं घालतात. ती तापलेल्या दातावर स्वतःचा थर धरतात. जुन्या गिअर ऑइलला तो नाकात बसणारा वास येतो तो गंधकाचा. दुकानात मी डिफरन्शिअलला जीएल-५ आणि गिअरबॉक्सला जीएल-४ असे दोन वेगळे डबे मागितले तर दुकानदार म्हणाला, "मॅडम, नव्वद म्हणजे नव्वद, दोन्हीकडं एकच घाला." त्याला मी शांतपणे सांगितलं. नव्वद हा जाडपणा झाला, जात नव्हे. गिअरबॉक्समध्ये पितळी सिंक्रो रिंगा असतात. रिंगेनं शाफ्टला घट्ट धरून दोघांचा वेग एक केला तरच गिअर न खरडता पडतो. फार निसरडं ऑइल तिला धरू देत नाही, आणि जीएल-५ मधली तीच द्रव्यं पितळ खाऊ शकतात. त्यानं दोन डबे दिले.

गिअरबॉक्स उघडायला मला धाकधूक होती. तिथलं ऑइल काळं होतं, जळकं नव्हतं, पाण्याचा मागमूस नाही. नटाच्या टोकाला लोहचुंबक लावून बघितलं, राखेसारखी बारीक लुकण आली. बोटांत चोळली, कण लागले नाहीत. चाळीस वर्षांच्या पेटीत एवढं असायचंच. परातीतलं ऑइल पांढऱ्या बशीत घेऊन उन्हात तिरकं धरलं तेव्हा त्यात सोनेरी चकाकी दिसली, अगदी थोडी. ती पितळेची, सिंक्रोची. दुसऱ्याचा गिअर घाईत टाकला की खरडतो, त्याचं कारण ते. आण्णा दुसरा गिअर कसा टाकायचे ते मला आठवलं. तिसऱ्यावरून खाली येताना क्षणभर न्यूट्रलला थांबायचे, हात सैल, मग टाकायचे. आम्हाला वाटायचं त्यांना घाई नसते. ते त्या रिंगेला वेळ देत होते.

डिफरन्शिअल एकदा रिकामं करून भागणार नव्हतं. दुधाळ ऑइल कोपऱ्याकोपऱ्यात चिकटलेलं असतं. काही जण आत डिझेल घालून धुतात. मी घातलं नाही. ते पूर्ण निघत नाही आणि उरलेलं नव्या ऑइलला पातळ करतं. एक स्वस्तातलं नवं गिअर ऑइलच आणलं, अर्ध्याहून थोडं अधिक भरलं आणि मागची चाकं हातानं फिरवली. डावं चाक पुढं फिरवलं की उजवं आपोआप उलटं फिरतं, प्रोपेलर शाफ्ट जागच्या जागी. लहानपणी आण्णा मला हे करून दाखवायचे आणि विचारायचे, का ते सांग. मी बहुतेक त्यामुळंच गिअरच्या धंद्यात आले. वीस मिनिटं फिरवलं, काढलं. फिकट निघालं. पुन्हा भरलं, पुन्हा काढलं. तिसऱ्यांदा ते मधाच्या रंगाचं आलं.

मधल्या वेळात शाफ्टच्या क्रॉसला ग्रीस मारलं. जुनं, वाळलेलं ग्रीस कडांतून शेवयांसारखं बाहेर आलं आणि मागून नवं दिसलं तेव्हा थांबले. तांब्याची वायसरं चेपून कडक झाली होती. ती गॅसवर लाल होईपर्यंत धरून पाण्यात टाकली की परत मऊ होतात, नटाखाली नव्यासारखी बसतात. पिनियनचं सील नवं घातलं. ब्रीदर रॉकेलमध्ये बुडवला, तोंडानं फुंकून बघितला, मोकळा झाला. शेवटी दोन्हीकडं वरच्या भोकातून ऑइल बाहेर ओघळेपर्यंत भरलं. ओघळ थांबला की नट लावायचा. किती लिटर हा हिशेब करायला लागत नाही. गाडी सपाट असली की भोकच माप सांगतं.

निघालेलं सगळं जुनं ऑइल कॅनमध्ये भरून मिस्त्रींच्या मुलाकडं पोचवलं. तो जुनं ऑइल गोळा करणाऱ्याला देतो. साफ झालेल्या पत्र्यावर गंज घासून रेड ऑक्साइड मारलं, वर पातळ रंग. जाड रबरी थर दिला नाही. मला आता तिथला पत्रा दिसत राहायला हवा.

डिसेंबरात गाडी घेऊन आंबा घाट उतरले, एकटीच. मलकापूर सोडलं, घाट लागला, उतारावर तिसऱ्यात सोडून दिली. आवाज होताच. आधीपेक्षा दबका, पण होता. रहाट लांब गेला होता, थांबला नव्हता. म्हणजे चार वर्षं पाण्यात उभं राहून बेअरिंगच्या रोलरवर जिथं गंज चढला तिथं चरे पडले आहेत, आणि ते कुठल्याही ऑइलनं भरून येत नाहीत. हौसिंग उतरवून बेअरिंगं बदलावी लागतील आणि मग क्राऊन-पिनियनला निळी लावून जोडी पुन्हा बसवावी लागेल. ते मला येतं. या उन्हाळ्यात करायचं ठरवलंय, मिस्त्रींना खुर्चीसकट घरी आणून.

साखरप्याला चहा घेतला, पुढं सासरी जाऊन दोन दिवसांनी परत आले. अंगणात गाडी लावली आणि बॅटरी घेऊन पुन्हा खाली शिरले. नव्या रंगावर, मागच्या मडगार्डच्या आतल्या कोपऱ्यात तांबडी धूळ बसली होती, अगदी पातळ. हौसिंग कोरडं होतं. पिनियनच्या तोंडाशी, नव्या सीलच्या खाली, एक थेंब जमला होता, स्वच्छ, पिवळसर. मी त्याखाली पुठ्ठा सरकवला आणि सकाळी किती पडतो ते बघायचं ठरवून बाहेर आले.